आधी रिकव्हरी पॉइंट, मग मोठे टायर. पटतंय का?

रानवाट:
गाडी आडवाटेला न्यायची ठरली की लोक आधी मोठे टायर घेतात, मग सस्पेन्शन उंच करतात, मग छतावर दिवे चढवतात. गाडी ओढायची वेळ आली तर धरायची कुठून, हा प्रश्न ती रुतल्यावरच पडतो. माझं मत ठाम आहे. पहिला खर्च पुढे दोन आणि मागे एक भक्कम रिकव्हरी पॉइंट, म्हणजे रुतलेली गाडी ओढताना पट्टा अडकवायचे हुक, बसवण्यावर व्हावा.

बऱ्याच गाड्यांखाली मुळात जी वाकवलेल्या सळीची कडी असते, ती गाडी ट्रकवर किंवा जहाजात जखडून ठेवण्यासाठी असते. तो ताण वेगळा आणि रुतलेल्या गाडीला दुसरी गाडी वेग घेऊन देते तो हिसका वेगळा. हिसक्याचा स्ट्रॅप, म्हणजे दोन गाड्यांना जोडणारा पट्टा, साधारण २० टक्के ताणला जातो आणि ओढणाऱ्या गाडीची ऊर्जा साठवून ठेवतो. अडीच टनांची गाडी ताशी १५ किमी वेगाने सुटली, तर ही ऊर्जा सुमारे २१,७०० जूल भरते. वेग दुप्पट केला की चौपट.

एकदा आमच्यातली एक गाडी चिखलात बसली होती. तिसऱ्या हिसक्याला कडी तुटली आणि स्ट्रॅपसकट ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत घुसली. मागच्या सीटवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नंतर ती कडी मी हातात घेऊन पाहिली. वेल्डचा तुटलेला भाग अर्धा तपकिरी, गंजलेला होता आणि अर्धा लख्ख. म्हणजे तडा कधीचाच गेला होता, त्या दिवशी फक्त उरलेला अर्धा तुटला.

फावडं:
असहमत. घटना भयंकर आहे, पण तुम्ही त्यातून भलताच धडा घेताय. तीन हिसके द्यायची वेळ आलीच का? गाडी चाकं बुडेपर्यंत रुतली की तिला ओढायला ढोबळमानाने तिच्या वजनाइतका जोर लागतो. मडगार्डपर्यंत गेली की दुप्पट. तोच चिखल चाकांपुढून आणि पोटाखालून अर्धा तास उपसा, टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणा, चाकांखाली फळ्या सरकवा. बहुतेक वेळा गाडी स्वतःच्या ताकदीवर निघते. नाहीच निघाली तर हलक्या ओढीने येते, आणि तेवढी ओढ सोसायला फार मोठी सोय लागत नाही.

मला खरी भीती याची आहे की लालभडक जाड हुक दिसला की माणसाचा हात सैल सुटतो. ‘पॉइंट मजबूत आहे, दे अजून जोरात!’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

रानवाट:
खणायला माझा विरोध नाही, खणायलाच हवं. पण पाणी चढत असताना नदीपात्रात अर्धा तास कुठून आणणार? शिवाय दर वेळी रुतलेली गाडी आपलीच असते असं नाही. दुसऱ्याला ओढताना तोच ताण आपल्या मागच्या पॉइंटवर येतो. लोक तिथे सर्रास टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, स्ट्रॅप अडकवतात. तो गोळा मुळातून तुटून सुटला की काय होतं ते वेगळं सांगायला नको, माणसं दगावली आहेत यात.

नटबोल्ट:
दोघंही हुकाबद्दल बोलताय. हुकाच्या मागे काय आहे, ते कोणी बोलत नाही.

पॉइंटवर ‘५ टन’ कोरलेलं असतं ते त्या पोलादी तुकड्यापुरतं. तो चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) पोकळ पेटीला साध्या वॉशरवर दोन बोल्टनी आवळला, तर बोल्ट घट्ट करतानाच पेटी चेपते. आत नळीचा तुकडा हवा, म्हणजे भिंती जवळ येत नाहीत, आणि मागून जाड पट्टी हवी, म्हणजे भार पसरतो. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ म्हणजे तुटेपर्यंत ८०० मेगापास्कल ताण सोसणारा, १०.९ म्हणजे १०००. डोक्यावर काहीच नसेल तर तो बोल्ट इथे वापरू नका.

आता पुढे दोनच पॉइंट का? भार वाटला जावा म्हणून. दोन्हींमध्ये जोडपट्टा लावून मधून ओढायचं, पण पट्टा लांब ठेवायचा. त्याच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पॉइंटवर एकूण ओढीच्या ५८ टक्के येतात. आखूड पट्ट्याने तोच कोन १२० झाला की दोन्हींवर पूर्ण १०० टक्के, म्हणजे वाटणी झालीच नाही. वर दोन्ही पॉइंट आतल्या बाजूला खेचले जातात ते वेगळंच.

फावडं:
म्हणजे नीट बसवता येत नसेल तर न बसवलेला बरा. हेच तर म्हणतोय.

नटबोल्ट:
नाही, नीट बसवा असं म्हणतोय. हिसक्याची वेळ कधी ना कधी येतेच, आणि तेव्हा कडीला धरणं हा पर्याय नाही.

पहिलीवाट:
माझ्या गाडीला वेगळी चासी नाही, मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. बंपरवरचं झाकण काढून आत फिरवून बसवायचा हुक दिलाय. तो चालेल का?

रानवाट:
बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ रेषेत सावकाश न्यायला चालेल. हिसक्याला बिलकूल नाही. तिरक्या ओढीत त्याचे आटे वाकतात. तुमच्यासारख्या गाडीसाठी मी फावडंचं ऐकेन. खणा, हवा कमी करा, फळ्या वापरा, आणि जिथे हिसका लागेल अशा जागी शिरूच नका.

फावडं:
इथे एकमत. बाकी मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे.

नटबोल्ट:
ज्यांनी पॉइंट बसवलेत त्यांनी प्रत्येक नटवरून चासीवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. जोराची ओढ झाली की गाडी धुऊन खाली वाका आणि बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट सरकलाय. भोकाजवळ चासीचा रंग केसाएवढ्या बारीक रेषांनी फुटला असेल, तर ओढणं बंद करून पॉइंट उतरवा आणि आतून तपासा.