अनुभव धागा : हारन वाजेना, मग तुम्ही काय केलं?

काळी माती (दारव्ह्याकडून)

मंडळी, गाडी बिघडली की आपण धकवून नेतो. क्लचची वायर तुटली तरी पहिल्या गिअरात घर गाठतो. हारनकडं तर कोणी पाहतही नाही. माझं मत मात्र यंदा बदललं. आमच्या वावराच्या पांदणीत दोन्हीकडून तूर आहे, आता डोक्याच्या वर गेलेली. वळणावर समोरून बैलगाडी येऊन राहिली की ट्रॅक्टर, काही दिसत नाही. पंधरा दिवसांखाली तिथंच एका गोऱ्ह्याच्या शिंगाशी माझी गाठ पडता पडता राह्यली. बटण दाबलं होतं, वाजलंच नाही.

गाडी शंभर सीसीची, बारा वर्षांची. गावातल्या मेकॅनिककडं नेली. त्यानं अंगणात उभ्या गाडीचं बटण दाबलं तर पों! म्हणे, "भाऊ, चांगला तं हाय." दुसऱ्या दिवशी वावराच्या वाटेनं पुन्हा मुका. मग त्यानं नवा हारन बसवला. घरी वाजला, पांदणीत नाही. तालुक्याला दुसऱ्याकडं नेली, त्यानं हा डुप्लिकेट म्हणून काढला अन् तिसरा लावला. आता घरी जुने दोन हारन, गाडीवर एक, अन् तिन्ही अंगणात ठणठणीत वाजतात. घरची म्हणते, त्याले वावराचा कंटाळा आला असंन.

तर तुमचा हारन कधी बंद पडला, कारण काय निघालं, कितीचा फटका बसला, सारं लिहा. गाडी कोणतीही चालेल. मेकॅनिकचं नाव मात्र लिहू नका. आपल्याला हारन पाहिजे, भांडण नाही.

पेचकस (मूर्तिजापूर)

मी स्वतः दुकान घेऊन बसतो, म्हणून आमच्या धंद्याचं गुपित आधी सांगून टाकतो. हारन बदलणं सोपं असतं, पाच मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. त्यामुळं चांगले हारनही भंगारात जातात.

आधी इंडिकेटर लावून पाहायचा. तो जोमात लुकलुकला तर बॅटरीत जीव आहे. हेडलाइटवर जाऊ नका. जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांत हेडलाइट इंजिनाच्या मॅग्नेटवर पेटतो आणि हारन बॅटरीवर वाजतो. गाडी चालू, लाइट लखलखीत, आणि बॅटरी मात्र केव्हाची मेलेली, असं हमेशा असतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा घालून धुवा, सुकवा, वरून व्हॅसलीन लावा. माझ्याकडं आलेली कितीतरी गिऱ्हाइकं एवढ्यावरच परत गेली आहेत. घेतले काय, तर चहा.

बॅटरी बरी निघाली तर हारनची दोन्ही वायर काढा आणि त्याला बाहेरून थेट करंट द्या. बाहेरचा करंट कुठून आणायचा म्हणाल, तर घरात फवारणीचा बॅटरी पंप असतोच. त्यातली बॅटरी बारा व्होल्टचीच असते. दुचाकीचा हारन दोन-तीन अँपिअर ओढतो, तेवढं ती सहज देते. क्षणभरच टेकवा, धरून ठेवू नका, आणि पेट्रोलच्या नळीजवळ तर करूच नका, ठिणगी उडते. पों वाजला तर हारन निर्दोष. नुसतं "कट्" झालं तर आतली कॉइल ओढते आहे, पण पडदा हलत नाही किंवा पॉइंट चिकटला आहे. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, बहुधा रंगानं बंद केलेला. त्याच्या जागेची आधी खूण करा, मग पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. आवाज सापडला की थांबा. जोरात पाहिजे म्हणून पिळत गेलात तर हारन जास्त करंट खातो आणि आतला पॉइंट जळतो. काहीच झालं नाही, कटसुद्धा नाही, तर कॉइल तुटली. मग खुशाल नवा घ्या.

काढलेल्या दोन वायरींत इंडिकेटरचा बल्ब जोडा, चावी लावा, बटण दाबा. पेटला तर दोष हारनमध्ये. नाही पेटला तर बटण, फ्यूज, नाहीतर वायर. काही गाड्यांत बटण करंट पाठवतं, काहींत अर्थिंग देतं. म्हणून वायरीत करंट आहे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

दारव्ह्याच्या भाऊ, तिन्ही हारन वाजतात म्हणता, तर तुमचा दोष हारनमध्ये नाही हे नक्की. मला वाटतं बटणाची पाती. खोलून पॉलिश पेपर मारून पाहा.

खारं पाणी (दर्यापूर)

पेचकस दादांनी भुकटीचं लिहिलं म्हणून आठवलं. आम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी इतकं खारं की चहा फाटतो. आमचे बाबा दर पोळ्याला बैलांसोबत गाडीलाही आंघोळ घालायचे, त्याच बोअरच्या पाण्यानं, पाइपाची धार धरून. हारन समोरच, उघड्यावर. दोन वर्षांत पडद्याला गंजानं भोक पडलं. आवाज यायचा, पण आजारी म्हशीसारखा. स्क्रू फिरवून उपयोग नसतो तिथं, पत्राच खाल्लेला. दुसरा घेतला, तोही तसाच गेला. तिसऱ्याला मी सायकलच्या ट्यूबचं झाकण करून वरून लावलं, तोंड मोकळं ठेवून. अन् बाबांना सांगितलं, बैलांना धुवा, गाडी मी ओल्या फडक्यानं पुसतो. रागावले होते. आता चार वर्षं झाली.

झाडीपट्टीची लेक (साकोलीजवळ)

आमचा किस्सा चारचाकीचा आहे जी. सुट्टीत आम्ही दीड महिना माहेरी होतो, गाडी मांडवात उभी. परत आलो तर हारन वाजला, पण कोणी गळा आवळून धरल्यासारखा. हे म्हणाले बॅटरी उतरली. बॅटरी चार्ज केली, तेच. फ्यूज, रिले सगळं पाहून झालं. शेवटी समोरची जाळी काढली. शंखासारखे दोन हारन असतात ना, त्यातल्या एकाच्या तोंडात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलेलं! अगदी लिंपून, गुळगुळीत. सासूबाई म्हणाल्या, आत पोरं असतील, मोडू नका. तेव्हा आणखी आठ दिवस आम्ही एकाच हारनवर फिरलो. मग काडीनं हळूच कोरून काढलं, आतली माती ब्रशनं झाडली. खर्च शून्य. आता गाडी जास्त दिवस उभी राहणार असली तर तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधते. रोवण्याच्या दिवसांत मात्र काढून टाकायचा, त्यात चिखल अडकतो.

घाटाचा सोबती (परतवाडा)

मी काळीपिवळी चालवत होतो, परतवाडा ते धारणी, घटांग-सेमाडोहवरून. तो रस्ता ज्यानं पाहिला त्याला विचारा, दर वळणाला हारन मारल्याशिवाय गाडी घातली तर समोरचा अंगावर आलाच. जुनी जीप, हारनचं बटण स्टेअरिंगच्या मधोमध. त्याच्या खाली एक पितळी रिंग असते, तिच्यावर कार्बनचा तुकडा घासत राहतो. स्टेअरिंग गरगर फिरलं तरी करंट जावा म्हणून ती सोय. तो तुकडा झिजला. एका अंगाला वळवलं की वाजे, दुसऱ्या अंगाला गप्प.

धारणीच्या बाजारचा दिवस होता, थांबायला वेळ कुठला? आमच्या क्लीनरनं अक्कल लढवली. दुकानातून घराच्या बेलचं बटण आणलं, डॅशबोर्डला स्क्रूनं ठोकलं, दोन वायरी नेऊन हारनला थेट. वाजला! सवाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन फेऱ्या झाल्या अन् तिसऱ्या फेरीला सेमाडोहच्या अलीकडं बटणातून धूर. जीपला दोन हारन, दोघं मिळून आठ-दहा अँपिअर ओढणारे, अन् ते बटण घरच्या घंटीचं! प्लास्टिक वितळलं, पाती आत चिकटली अन् हारन बंदच होईना. वाघाच्या जंगलातून भोंगा वाजवत आम्ही चाललो. शेवटी मी उतरून बॅटरीची वायरच उपटली. पुढचा घाट क्लीनर पायदानावर उभा राहून "होऽऽ होऽऽ" करत आला.

पुढं एका म्हाताऱ्या वायरमननं रिले लावून दिला. सारा करंट रिलेतून जातो अन् बटणाला नुसता इशारा करायचं काम उरतं. मग तेच बेलचं बटण पुन्हा लावलं, गाडी विकली तोवर टिकलं. जादा हारन लावणाऱ्यांनो, रिले घाला. तो स्वस्त असतो, जळलेली वायरिंग महाग पडते.

नव्या मोटारींत रिंगच्या जागी गुंडाळलेली पट्टी असते. हारन गेला अन् एअरबॅगचाही दिवा लागला तर बहुतेक तीच तुटलेली असते. तिथं स्वतः हात घालू नका, एअरबॅग अंगावर फुटेल.

निवृत्त चाक

आमच्या तरुणपणी ट्रकला रबरी फुग्याचा भोंगा असे. ना बॅटरी ना वायर. उन्हाळ्यात फुगा तडकायचा, सायकलचं पंक्चर काढतात तसं ठिगळ लावायचं. आत पितळेची पत्ती, तिच्यात धूळ गेली की फुंकून काढायची. तुमचं हे सगळं वाचून तोच बरा होता असं वाटतं.

जिनिंगवाला (हिंगणघाट)

माझी चूक कबूल करतो. कॉलेजात असताना दुचाकीला ट्रकचा, तो चार सुरांत गाणारा हारन लावला. कापसाचा हंगाम, बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. मी मागून वाजवला आणि एक बैलजोडी बुजली. गाडी रस्त्याच्या खाली, कापसाची गाठोडी चिखलात. माणसाला काही झालं नाही, पण त्या शेतकऱ्याचं तोंड आजही आठवतं. ओला कापूस मीच विकत घेतला, म्हणजे आमच्या बापानं. वरून त्या हारननं माझी बॅटरी आणि बटण दोन्ही खाल्लं होतं ते वेगळंच.

असला सुरांचा किंवा कर्कश हारन लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११९ नं बंदी आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत, कारण नसताना हारन वाजवत राहिलं तर पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड ठरवला होता.

इ-रिक्षा (वर्धा)

माझ्या रिक्षाचा हारन, लाइट, इंडिकेटर सगळं एकाच वेळी बंद. रिक्षा मात्र पळते. मोठ्या बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या, हारन १२ चा, मध्ये कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो गेला होता. बदलला, झालं.

वायर अन् प्लायर (वणी)

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. काळी माती काका, एक विचारू? घरी वाजतो, मेकॅनिककडं वाजतो, पांदणीत नाही. घरी आणि गॅरेजात गाडी साइड स्टँडवर असेल ना? तेव्हा हँडल कोणत्या बाजूला झुकलेलं असतं?

पेचकस (मूर्तिजापूर)

पोरी, जिंकलीस. मी आपला पातीत अडकून बसलो.

काळी माती (दारव्ह्याकडून)

डावीकडं! ताई, साइड स्टँडवर हँडल कायम डावीकडंच पडते. आत्ता अंगणात जाऊन पाह्यलं. चावी लावली, बटण दाबून धरलं अन् हँडल हळूहळू सरळ केलं. पोंऽऽ... अन् मधातच गप. डावीकडं नेलं की पुन्हा पों. चार वेळा केलं. शेजारचा म्हातारा विचारायले आला की काहून पिपाणी वाजवून राह्यला.

वायर अन् प्लायर (वणी)

मग हेडलाइटच्या मागं, जिथं वायरींचा गुच्छा वळतो, तिथं पाहा. बाहेरून वायर चांगली दिसेल. आतली तार तुटलेली असते. दोन्ही टोकं धरून हलकं ताणा. जिथं रबरासारखी लांबेल तिथं तुटली समजायचं. नुसती पिळून टेप गुंडाळू नका, तुटलेला भाग कापून नवा तुकडा डाग देऊन जोडा आणि थोडी ढिली ठेवा. नाहीतर तिथंच पुन्हा तुटेल.

काळी माती (दारव्ह्याकडून)

रविवारी खोललं. तस्संच निघालं. हिरवट वायर, वरून नवीसारखी, ताणली तर च्युइंगमसारखी लांबली. आत तारांचा भुगा. बारा वर्षं हँडल इकडून तिकडं, तुटणार नाही तं काय! वीतभर वायर, थोडा डाग, टेप, सारं मिळून वीस रुपये. त्याआधी दोन हारनांवर साडेचारशे घालून बसलो होतो. आता पांदणीत वाजते. काल वळणावर मुद्दाम थांबून दोनदा वाजवला, समोर कोणीच नव्हतं.

वणीच्या ताई, तुमचं नाव माहीत नाही, पण तूर निघाली की पाच किलो डाळ तुमची. पत्ता इथं लिहू नका.

राह्यले जुने दोन हारन. पेचकस दादांनी फवारणी पंपाची बॅटरी सांगितली होती, त्यावरून डोक्यात आलं. हरभऱ्यात रात्री रानडुकरं येतात. दोन्ही हारन मचाणाच्या खांबाले बांधले, खाली पंपाची बॅटरी, वर बटण. पहिल्या रात्री वाजवला तर कळप धुरा ओलांडून जे पळाला, ते नाल्यापलीकडं. दुसऱ्या रात्री थोडे पळाले. काल तिसरी रात्र. वाजवला, एक मोठं डुक्कर वळून मचाणाकडं पाह्यत उभं राह्यलं, अन् पुन्हा खायले लागलं.

यावर कोणाचा अनुभव असंन तर लिहा.