वसिष्ठाच्या वर्णपटासाठी स्पेक्ट्रोग्राफ (वर्णपट नोंदवणारं उपकरण) कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सप्तर्षींतल्या वसिष्ठाचा, म्हणजे मिझारचा, मुख्य तारा दुर्बिणीतून एकच दिसतो. पण १८८९ मध्ये हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी तो जोडतारा असल्याचं वर्णपटावरून दाखवलं: कॅल्शियमची के-रेषा (वर्णपटातली एक गडद रेषा) कधी एकेरी, कधी दुहेरी! दोघांची प्रदक्षिणा सुमारे २०.५ दिवसांची, कक्षाही चांगलीच लांबट. रेषा किती सरकतात त्यावरून ताऱ्यांचा वेग कळतो; हा वेगाचा आलेख स्वतःच्या नोंदींवरून काढायची मनापासून इच्छा आहे.

माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आणि मिलिमीटरला १०० रेषांची ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी जाळी) आहे. वर्णपटातल्या दुहेरी रेषा फाकतात जेमतेम दोन-तीन अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक), त्यामुळे ग्रेटिंग पुरणार नाही. हायड्रोजनच्या रेषा फार रुंद, म्हणून मॅग्नेशियमची ४४८१ अँगस्ट्रॉमची रेषा घ्यावीशी वाटते. ती निवड बरोबर आहे का? किती विभेदनक्षमतेचा (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याच्या क्षमतेचा) स्पेक्ट्रोग्राफ लागेल? आणि पृथ्वीच्या स्वतःच्या वेगाची दुरुस्ती तुम्ही कशी करता?