विषय: पासवर्ड बरोबर, तरी संगणक आत घेत नाही

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
मंडळाच्या हिशोबाचा डेस्कटॉप (विंडोज ७) फार रेंगाळायचा, म्हणून मागच्या शनिवारी त्यात एसएसडी (नव्या धर्तीची वेगवान डिस्क) बसवली. जुनी हार्ड डिस्क तिच्यावर क्लोन केली, म्हणजे हुबेहूब उतरवली, आणि दोन्ही आत ठेवून संगणक चालू केला. आठवडाभर छान पळाला. काल जुनी डिस्क काढली आणि नाटक सुरू. पासवर्ड घेतो, 'वेलकम' म्हणतो, मग नुसता फिकट निळा पडदा. आयकॉन नाहीत, खालची पट्टी नाही. जुनी डिस्क परत जोडली की मुकाट आत जाऊ देतो. वार्षिक सभा दहा दिवसांवर आली आहे. कुणाला काही सुचतंय का?

---

प्रेषक: माजी सचिव

पासवर्ड रीसेट करा आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून टाका. माझ्या मेव्हण्याने असंच केलं होतं.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, थांबा! जुन्या डिस्कला हात लावू नका. (सचिवकाका, रागावू नका, पण पासवर्डचा इथे काही संबंध नाही. तो चुकीचा असता तर 'वेलकम'पर्यंत मजल गेलीच नसती.)

गोची ड्राइव्हच्या अक्षराची ('सी', 'डी' वगैरे) आहे. कुठलं अक्षर कुठल्या डिस्कचं, हे विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंगांच्या वहीत, लिहून ठेवतं. क्लोनबरोबर ती नोंदही जशीच्या तशी आली, त्यामुळे 'सी' अजून जुन्या डिस्कच्याच नावावर आहे आणि नवीला दुसरं अक्षर मिळालंय. तुमचं युजर फोल्डर मात्र 'सी'वर शोधलं जातं. जुनी डिस्क काढली की 'सी'च नाहीशी होते, म्हणून कोरा पडदा.

आधी खात्री करा. जुनी डिस्क जोडून आत जा, कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) 'एको', जागा सोडून 'सिस्टिमड्राइव्ह' लिहा, त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह. उत्तर 'सी' आलं तर संगणक अजून जुन्या डिस्कवरूनच सुरू होतोय. मग पुढचं काही करू नका, मला कळवा.

दुसरं अक्षर आलं तर रेजएडिट (रजिस्ट्री बघायचं-बदलायचं साधन) उघडा. डावीकडे एकात एक उघडत जा: लोकल मशीन, सिस्टिम, माउंटेडडिव्हायसेस. आधी हा भाग एक्सपोर्ट करून (फाइलमध्ये प्रत काढून) ठेवा. तिथे 'डॉसडिव्हायसेस'च्या पुढे एकेक अक्षर दिसेल, समोर १२ बाइट्स: पहिले ४ म्हणजे डिस्कची सही (तिचा ओळख क्रमांक), उरलेले ८ म्हणजे पार्टिशन (डिस्कचा तो भाग) कुठून सुरू होतं ते. दोन ओळींतले पहिले चार बाइट्स वेगळे दिसले की दोन डिस्क वेगळ्या, हे डोळ्यांनीच कळतं. आता 'सी'चं नाव बदलून 'झेड' करा, मग नव्या डिस्कच्या अक्षराचं 'सी'. क्रम उलटा केलात तर एकाच नावाच्या दोन नोंदी होतात म्हणून तो अडवतो. संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा, चालू करा.

आणि मुख्य गोष्ट: या आठवड्यात डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये जे काही सेव्ह केलंत, ते सगळं जुन्या डिस्कवर गेलंय. नवीवर फक्त शनिवारपर्यंतचं आहे. फॉरमॅट केली असती तर आठवडा गेलाच होता.

जाता जाता, विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. सभा झाली की त्याचंही बघू.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, उत्तर 'ई' आलं. सांगितलंस तसं केलं, हात जरा थरथरत होते. जुनी डिस्क बाहेर, संगणक आत घेतो!

पण हिशोबाची फाइल उघडली तर शेवटची नोंद शनिवारची. जुनी डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून जोडली, तर तिथे कालपर्यंतच्या एकूणएक नोंदी. तेवढी फाइल आणली. डिस्क लिफाफ्यात घालून वर लाल शाईने 'पुसू नये' लिहिलंय. लिफाफा कपाटात आहे, आणि कपाट सचिवांच्या घरी नाही, माझ्याकडे आहे.