शाळा सुटते 5:10 ला, गाडी निघते 4:30 ला. आगारात नेमकं काय द्यायचं?

पांदणरस्ता: गाव तालुक्यापासून 20 किमी. आठवी ते बारावीची 30 पोरं-पोरी रोज जातात. परतीची शेवटची एसटी शाळा सुटायच्या 40 मिनिटं आधी निघते, मग काळीपिवळीत लटकून येणं आहेच. दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा "भारमान नाही", म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, एवढंच उत्तर. आता काय करावं?

वेबिल: भाऊ, अर्जात "नवीन फेरी" लिहिलं असेल तर तिथंच फसलं. नवीन फेरीला गाडी लागते, चालक-वाहक लागतात, आणि आगारात दोन्हीची ओढाताण. आहे तीच फेरी 5:30 ला काढा असं मागा.

भारमानाचा हिशोब स्वतः मांडा. 44 आसनं × 20 किमी म्हणजे 880 आसन-किमी. 30 पोरं पूर्ण अंतर आली की 600, म्हणजे 68 टक्के. पण उलट बाजूची गाडी रिकामी धावली तर तेच 34 वर येतं. म्हणून सकाळी गावात येणारे शिक्षक, आशाताई, बँकेवाले आणि बाजाराच्या दिवशीची गर्दीही मोजा. सोमवार ते शनिवार, साध्या वहीत: तारीख, वेळ, कुठून कुठं, किती जण, पासवाले किती. पासवाल्याचं रोज तिकीट फाटत नाही. मशीनवर त्याची नोंद झाली नाही, तर भरलेली गाडीही कागदावर रिकामी दिसते. खरी मेख इथं असू शकते.

आवक_शिक्का: ती नोंद माहिती अधिकारातून काढा. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत, विषय एकच, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "फेरी का नाही?" असं विचारू नका, कागद मागा: या फेरीचे मागच्या तीन महिन्यांचे तारीखवार प्रवासी, उत्पन्न, रद्द फेऱ्या आणि पासधारकांची नोंद. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

सोबत ग्रामसभेचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र, शाळेच्या वेळेसकट. मूळ प्रत आगार व्यवस्थापकाला, दुसरी विभाग नियंत्रकाला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तूर_आणि_तिकीट: ठरावात हेही टाका. 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट, बारावीपर्यंतच्या पोरींना पास फुकट. काळीपिवळीत यातलं काहीच चालत नाही. गाडी नाही म्हणजे त्या गावाला सवलतच नाही. पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या गाडीचंही विचारा, पण ती शाळेच्या दिवसांपुरतीच. दिवाळी-उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी दवाखान्यात कसं जायचं?

पांदणरस्ता: संध्याकाळची गाडी मुक्कामीच, म्हणजे रात्री गावातच थांबणारी, मागितली तर?

वेबिल: उत्तम, सकाळचंही भागतं. पण चालक-वाहकांना खोली, पंखा, पाणी, संडास ग्रामपंचायतीनं द्यायचं हे ठरावात लिहा आणि खोली आधी उघडून झाडून ठेवा. आणखी एक, मार्ग तपासायला माणूस येण्याआधी वळायची जागा बघा. गाडी साडेदहा-अकरा मीटर लांब असते. फेब्रुवारी-मार्चात नेमके तिथंच कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग असतात. पावसाळ्यात डांबराबाहेर चाक उतरलं की काळ्या मातीत रुतलंच, म्हणून तिथं मुरूम टाकून घ्या. बाभळीच्या खालच्या फांद्याही तोडून ठेवा.