मदत हवी आहे: होणाऱ्या सुनेच्या घरच्यांना १२ जूनच हवा, सांगलीत आईला काय नि कसं सांगू?

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढला. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही व्हर्जिनियात, रिचमंडजवळ. मुलगा इथेच जन्मला, पुढच्या वर्षी त्याचं लग्न करायचंय, मुलगी आफ्रिकन अमेरिकन आहे. आमची दोघांची काही हरकत नाही, प्रश्न आहे सांगलीचा. आईला अजून सांगितलेलं नाही. बाकीच्यांसाठी ग्रुपवर फोटो टाकला तर मामाचा मेसेज, "गोरी असती तर एकवेळ समजलो असतो". आता गंमत बघा, आमचं लग्न आंतरजातीय, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, ३० दिवसांची नोटीस बोर्डावर लागलेली आणि ती वाचून कोण कधी दारात येईल या टेन्शनमध्ये आम्ही दिवस काढले, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करायला घरातून एकटा हाच मामा आला होता!! जातीला न घाबरलेला माणूस रंगाला अडतो, हे मला झेपतच नाहीये.

दुसरं म्हणजे तारीख. व्याही म्हणतात १२ जून, शनिवार आहे, आणि लव्हिंग डे पण आहे. मला हे माहीतच नव्हतं, मुलीच्या आजीने बसवून सगळं सांगितलं. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन वंशाची, आमच्याइथून वर कॅरोलाइन काउंटीतले. १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं कारण व्हर्जिनियात असं गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा गुन्हा होता, आणि पाचेक आठवड्यांतच शेरीफ रात्री थेट बेडरूममध्ये. भिंतीवरचं मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणे ते इथे चालत नाही. एक वर्षाची कैद, पण २५ वर्षं दोघं मिळून राज्यात पाय ठेवणार नसाल तर माफ. मग मिल्ड्रेडने तेव्हाचे अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं, त्यातून वकील मिळाले आणि १२ जून १९६७ ला सुप्रीम कोर्टाने नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो कायदा रद्द केला. आजी सांगत होती की निकाल लागला तरी नात्यातलं एक मिश्र जोडपं पुढे कितीतरी वर्षं एकत्र चर्चला जायला कचरायचं.

तर प्रश्न असे: २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल फिरवला तसा हाही फिरेल का, मुलगा हसतो पण मला धास्ती वाटते. लग्नाच्या लायसन्सच्या फॉर्मवर वंश लिहावा लागतो असं एक मैत्रीण म्हणाली, खरंय का? सुनेला ओसीआय (परदेशी नागरिकांना मिळणारं भारताचं कार्ड) कधी मिळेल? आणि मुख्य म्हणजे आईला कसं सांगू?

प्रतिसाद १
ताई, अभिनंदन आधी! गर्भपाताच्या निकालात सुप्रीम कोर्टाचे न्या. थॉमस यांनी वेगळं मत लिहून जे जुने निकाल पुन्हा तपासा म्हटलं त्यात लव्हिंगचं नाव नाही (त्यांची स्वतःची बायको गोरी आहे, असो). शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये रिस्पेक्ट फॉर मॅरेज ॲक्ट आलाय, एका राज्यात झालेलं लग्न वंशाच्या कारणावरून दुसऱ्या राज्याला नाकारता येत नाही. वंशाचा रकाना व्हर्जिनियात २०१९ पर्यंत खरंच सक्तीचा होता, काही जोडपी फेडरल कोर्टात गेली तेव्हा सक्ती गेली. ओसीआयसाठी मुलाकडे स्वतःचं ओसीआय हवं आणि रजिस्टर झालेल्या लग्नाला सलग दोन वर्षं व्हायला हवीत, तोवर व्हिसावर या.

प्रतिसाद २
मामांसाठी एक मुद्दा देतो. व्हर्जिनियाचा १९२४ चा तो कायदा फक्त गोऱ्यांचं रक्त जपायला होता. गोऱ्याने बाहेर लग्न केलं तर तुरुंग, बाकीच्यांनी आपापसात काहीही करा, सरकारला घेणंदेणं नाही. कोर्टाने निकालात नेमकं हेच पकडलं की हा वर्चस्व टिकवायचा कायदा आहे. म्हणजे तुमच्या मुलाचं हे लग्न तेव्हाही चाललं असतं, कारण कायद्याच्या लेखी दोघंही एकाच खान्यात, "गोरे नाहीत". आणि मामांना चालणारी ती गोरी सून आणली असती तर पोरगा आत गेला असता.

प्रतिसाद ३
वरचा मुद्दा भारी आहे पण आईंना कोर्टकचेरी सांगत बसू नका हो. मामांच्या तोंडून कळायच्या आत तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉल करा, पोरीला शेजारी बसवा, त्यांचं त्यांना बोलू दे. माझ्या सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, स्वयंपाक येतो का. आमचा जावई केनियाचा आहे, तो म्हणाला येतो. विषय संपला.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. मामाला दुसरा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, त्याचं उत्तर आलं, "मुहूर्त तरी बघितलात का?" म्हणजे बर्फ थोडा वितळला समजायचं का?? रविवारी आईला कॉल लावतेय. आणि हो, रिचमंडच्या आसपास मंत्रांचा अर्थ इंग्रजीत सांगणारे गुरुजी कोणाला माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा, पण व्हर्जिनियात लग्न लावायचं कोर्टाचं अधिकारपत्र असलेलेच हवेत.