विषय: शहागंजचं घर, शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय

परभणीकर, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितोय. हिची नर्सची ऑर्डर आली, औरंगाबादच्या घाटीतच, म्हणजे सरकारी मेडिकलच्या हॉस्पिटलात. पंधरा दिवसांत रुजू व्हायचंय. घरं दोन आहेत. एक बीड बायपासपलीकडे सातारा परिसरात, सोसायटीत, तिसरा मजला, लिफ्ट, भाडं १२ हजार. दुसरं जुन्या शहरात, शहागंजच्या मागे राजाबाजारच्या बाजूला, जुन्या घराचा वरचा मजला, साडेसात हजार. खाली मालक स्वतः राहतात. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाले, त्यापुढे दुसऱ्याला देणार.

माझं मन साताऱ्याकडे आहे. शहागंजचं नाव काढलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. मामा म्हणाले, "पोरीबाळीला घेऊन तिथं कामून जायलेत?" २०१८च्या दंगलीत टीव्हीवर जे पाहिलं ते माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. मी इथं मस्कतला, ती आणि तिसरीतली मुलगी तिथं. आई जिंतूरहून अधूनमधून येईल, पण तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत.

जे त्या भागात राहिलेत त्यांनीच सांगा. ऐकीव नको.

गुलमंडीचे काका, सोमवार मध्यरात्र

बाळा, मी राजाबाजारात वाढलो, म्हणून लिहितो. पुढे गुलमंडीवर आलो, पण शाळा, मित्र, सगळं तिकडचंच.

तुझ्या मामांना खोडून काढू नकोस. १९८८च्या मे महिन्यात दंगल झाली तेव्हा मी अकरावीची परीक्षा देऊन घरी होतो. वडिलांनी आम्हा भावंडांना आतल्या खोलीत बसवलं आणि ते रात्रभर दाराशी काठी घेऊन बसले. ती भीती अंगातून जात नाही. २०१८च्या ११ मेच्या रात्री पुन्हा तेच. मोतीकारंजा भागात बेकायदा नळजोडण्या तोडण्यावरून सुरू झालं, राजाबाजार, शहागंज, गांधीनगरपर्यंत पसरलं. दोन जीव गेले. माझा भाऊ तिथंच राहतो. चार दिवस दुकान उघडलं नाही त्यानं.

पण पाचव्या दिवशी उघडलं. शेजारचे अत्तरवाले चाचा त्याच्या आधी येऊन बसले होते, शटर वर करायला त्यांनीच हात लावला. भाऊ आजही तिथंच आहे. त्याच्या दोन्ही मुली तिथून क्लासला गेल्या, तिथूनच लग्न होऊन गेल्या.

शहागंज म्हणून नुसतं एक नाव सांगून भागत नाही. घड्याळाच्या मनोऱ्याजवळची बाजू वेगळी, आत वळलेली गल्ली वेगळी. कोणती गल्ली ते लिही. मालक किती वर्षांपासून आहेत तेही विचार. जुने मालक असतील तर अर्धी काळजी मिटली.

सातारा परिसरवाले दादा, मंगळवार सकाळ

काकांचा मान राखून लिहितो, पण भावनेवर घर ठरवू नये. बाई आणि लहान मुलगी एकटी राहणार आहेत. मी बारा वर्षांपूर्वी सातारा परिसरात प्लॉट घेतला, तेव्हा लोक म्हणायचे, तिथं काय कोल्हे राहतात. आज सगळ्या सोयी आहेत. सोसायटीला वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, आजूबाजूला नोकरदार लोक. जुन्या शहरात अग्निशमनची गाडीसुद्धा नीट वळत नाही. साडेचार हजार वाचतात म्हणून मुलीला त्या गल्ल्यांत ठेवायचं का? मी तर माझ्या बहिणीला ठेवलं नसतं.

लातूरच्या ताई, मंगळवार दुपार

दादा, सगळ्या सोयी म्हणता, मग पाण्याचं का नाही लिहिलं? माझी नणंद तुमच्याच भागात आहे. महापालिकेत गेले तरी इतकी वर्षं त्यांचं बोअर आणि टँकरवर चाललंय. उन्हाळ्यात बोअर आटला की सोसायटी टँकरचे पैसे वेगळे काढते. ते १२ हजारांत धरलेत का, हे विचारून घ्या.

पाण्याचं मी हलक्यात घेत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, ५ लाख लिटर. आई तेव्हा सत्तरीची होती, घागर घेऊन ओळीत उभी राहायची. त्या उन्हाळ्यानंतर मी कुणाच्याही घरात गेले की आधी टाकी बघते.

सातारा परिसरवाले दादा, मंगळवार दुपार

ताई, टँकर येतो हे खरं आहे. पण जुन्या शहरात तरी रोज पाणी येतं का? जायकवाडी भरलेलं असतं आणि शहरात आठवड्यानं नळ येतो. सत्तरच्या दशकातली ७०० मिलिमीटरची पाइपलाइन आणि नंतरची १४०० मिलिमीटरची, इतक्या वर्षांत एवढ्यावरच शहर वाढत गेलं. १,६८० कोटींची नवी योजना २,७४० कोटींवर गेली. तिचं पाणी सगळीकडे पोचलं की आमच्याकडेही येईल. पाण्यावरून सातारा वाईट ठरवू नका.

गुलमंडीचे काका, मंगळवार संध्याकाळ

पाणी आठवड्यानं येतं, पण येतं. टाकी मोठी लागते इतकंच.

सचिव, मंगळवार रात्री

सर्वांना विनंती. १७ सप्टेंबरच्या आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमासाठी हॉलचे पैसे गुरुवारपर्यंत भरायचे आहेत, अजून अकरा घरांची वर्गणी आलेली नाही. घराची चर्चा चालू ठेवा, आपल्यातल्याच माणसाचा प्रश्न आहे. पण वर्गणीचा मेल वेगळा आहे, त्यालाही उत्तर द्या. आणि पत्ते लिहिताना शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर लिहा. २०२३पासून अधिकृत तेच आहे.

गुलमंडीचे काका, मंगळवार रात्री

सचिवसाहेब, वर्गणी भरलेली आहे, पावती बघा. नावाचं म्हणाल तर कागदावर मी अधिकृतच लिहितो. तोंडात औरंगाबाद येतं कारण तिथं जन्मलो. १६१०ला मलिक अंबरनं वसवलं तेव्हा खडकी होतं, मग फतेहनगर झालं. यात कुणाचा अवमान नाही.

नांदेडच्या सिस्टर, बुधवार पहाटे

नाइट संपवून लिहिते आहे.

मी घाटीत नऊ वर्षं काढली, मग इकडे आले. सगळ्यांचं वाचलं. पाणी, लिफ्ट, २०१८, सगळं आलं. ड्यूटीचं कुणीच लिहिलं नाही.

ड्यूटी तीन. सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८, आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८. दुपारच्या ड्यूटीला आठला सुटका कधीच होत नाही. हँडओव्हर, इंजेक्शनचा हिशेब, एखादा सिरियस पेशंट त्याच वेळी येतो. साडेआठ धरा. बीडचा, हिंगोलीचा, जालन्याचा, सगळ्यांचा पेशंट शेवटी घाटीत येतो, वॉर्ड कधी रिकामा नसतो.

साडेआठला घाटीतून सातारा परिसर म्हणजे सात-आठ किलोमीटर. स्टेशन, पूल, पुढे बीड बायपास. बायपास रुंद झाला, पूल झाले, मान्य. पण जड वाहनं आहेत आणि ती स्कूटीवर असणार, ड्यूटीभर उभी राहून. आमच्या बॅचची एक मुलगी नाइटवरून परतताना त्या रस्त्यावर पडली, वर्षभर घरी होती. मला विचाराल तर झोपेत गाडी चालवणं हेच सगळ्यात धोक्याचं.

आणि मोठा प्रश्न पुढेच आहे. परभणीकर दादा, नाइटला रात्री ८ ते सकाळी ८ तुमची लेक कुणाजवळ असणार? आई अधूनमधूनच येणार म्हणता. साताऱ्याच्या वॉचमनजवळ तर ठेवणार नाही ना? तिसऱ्या मजल्यावर कॅमेरा असून उपयोग काय, आत आठ वर्षांचं लेकरू एकटं असेल तर? खाली मालक राहतात तिथं मालकीणबाई आहेत का, त्यांच्या घरात कोण कोण आहे, त्यांनी लेकराला झोपू दिलं तर तुमचं मन तयार आहे का, हे आधी विचारा. वस्तीचं नाव नंतर.

वहिनींना सांगा, घर दुपारी बघू नका. एजंट दुपारीच दाखवतात. गुरुवारी साडेआठला घाटीच्या गेटवरून निघा, जशा ड्यूटीवरून निघाल तशाच, आणि दारापर्यंत जा. दोन्हीकडे.

परभणीकर, बुधवार सकाळ

सिस्टर, नाइटचा विचार मी केलाच नव्हता. खरं सांगतो, मी फक्त वस्तीचं नाव धरून बसलो होतो. हिला मेल वाचायला दिलाय.

सातारा परिसरवाले दादा, बुधवार दुपार

सिस्टरताईंचं पटलं. आमच्याकडे शेजारी पाजारी चांगले आहेत, पण नवरा-बायको दोघं नोकरीला, संध्याकाळी दारं बंद. लेकरू ठेवायला कुणाला सांगावं हा आमच्याही सुनेचा प्रश्न आहे. भाडेकराराचं मात्र पक्कं करा. जुन्या शहरातले मालक साध्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होतात. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायला लावा. त्यात दोघांचं हित आहे.

परभणीकरांच्या घरून, गुरुवार रात्री ११

दादा, ताई, काका, सर्वांना नमस्कार. यांच्याच पत्त्यावरून लिहिते आहे.

आज सिस्टर म्हणाल्या तसंच केलं. लेकीला सोबत घेतलं. साताऱ्याला आधी काल जाऊन आले. रस्ता चांगला, घर फार छान, हवा येते. गेटवर वॉचमननं नाव लिहून घेतलं. जिन्यात, लिफ्टमध्ये, मजल्यावर एक माणूस भेटला नाही. लेक म्हणाली, "आई, इथं कुणीच राहत नाही का?"

आज साडेआठला घाटीच्या गेटवरून रिक्षा केली. भडकल गेटवरून सिटी चौक, वीस मिनिटंही लागली नाहीत, गर्दी होती तरी. चौकातून पुढे चालत गेलो. मुख्य रस्त्यावर दुकानं उघडी, बायका भाजी घेत होत्या, बुरख्यातल्या, नऊवारीतल्या. तिथं मला काहीच वाटलं नाही. आत वळल्यावर दुसऱ्या कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे. तिथं चार-पाच पोरं मोटारसायकलींवर बसली होती. काही बोलली नाहीत, पण बघत राहिली. मी लेकीचा हात घट्ट धरला. ते आवडलं नाही, लपवत नाही.

त्या कोपऱ्यापासून दार पंचवीस पावलांवर आहे. मी मोजली. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसतात, रशीदा आपा म्हणतात त्यांना सगळे. मी थांबले तर म्हणाल्या, नई आई क्या, किसके घर? सांगितलं तर त्यांनी त्या पोरांतल्या एकाला नाव घेऊन हाक मारली आणि गाडी रस्त्यातून काढायला सांगितली. त्यानं काढली.

मालक आजोबा तिथंच जन्मलेत. आजी आहेत, विधवा लेक आहे, तिचा मुलगा पाचवीत. मी नाइटचं स्पष्ट विचारलं. आजी म्हणाल्या, "माझ्या नातवाशेजारी गादी टाकीन, पण सकाळी साडेआठच्या आत ये, मला पूजा असते." पैशाचं विचारलं तर त्या रागावल्या. मी दूध आणून देत जाईन असं ठरलं.

कराराचं विचारलं. आजोबा आधी नोटरी म्हणाले. मी दादांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. नोंदणीचा खर्च अर्धा अर्धा करू म्हणाले. दिव्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज मी करणार, आजोबा सही देणार.

मामांना वाईट वाटेल. त्यांना मी स्वतः घेऊन जाणार आहे, साडेआठलाच.

मला तिथं राहायचं आहे. हे हो म्हणाले तर.

परभणीकर, शुक्रवार सकाळ

टोकन पाठवलं. रात्री झोप लागली नाही, पण तिनं पंचवीस पावलं मोजली हे वाचून पाठवलं. काका, तुमच्या भावाचा नंबर वेगळा मेल करा.

लातूरच्या ताई, शुक्रवार दुपार

वहिनी, टाकी कितीची आहे वर? आठवड्यानं पाणी म्हणजे तिघींना हजार लिटर तरी लागेल.

परभणीकरांच्या घरून, शुक्रवार दुपार

वर पाचशेची आहे, ताई. खाली हौद आहे, मोटार सामायिक. अजून पाचशेची घ्यायची तर जिना अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस चढतो.

गुलमंडीचे काका, शुक्रवार संध्याकाळ

जिन्यातून जाणार नाही, बळ करू नका. त्या घरांना मागून गच्चीवर कप्पी असते, गहू-ज्वारीची पोती तिनंच वर चढवायचे. आजोबांना विचार, आकडा अजून भिंतीत असेल. भावाला रविवारी दोर घेऊन पाठवतो.