नवीन बॅटरी टाकली तरी गाडी सेल्फ घेईना, नुसतं ‘टक्’ होतंय

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, ८७ हजार किमी झालेत. तीन आठवडे झाले डोक्याला ताप झालाय. चावी फिरवली की बॉनेटखालून एकदाच ‘टक्’ आणि संपलं, इंजिन फिरतच नाही. दोन-चारदा चावी मारली की कधी झटक्यात चालू होते, कधी अजिबात नाही. सकाळी घरून निघताना बहुतेक वेळा काही त्रास नसतो पण दुपारी सात रस्त्याला कामासाठी अर्धा तास उन्हात लावून परत आलो की हमखास. मंगळवारी तुळजापूरला दर्शनाला गेलो, सोबत सासू-सासरे, परत निघताना टक्. शेवटी पार्किंगमधल्या चार पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला तर लगेच चालू झाली. सासरे सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून काय ते समजून घ्या.

बॅटरी चार वर्षांची होती म्हणून आधी बॅटरीच्या दुकानात गेलो, त्यानं मीटर लावलं न लावलं आणि नवीन बसवून दिली, जुनी देऊन वर ४२०० गेले. दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी परत तेच. आता गॅरेजवाला म्हणतो स्टार्टर मोटर गेली, नवीन टाकू, साडेसात हजार. टाकू का? हेडलाइट, हॉर्न सगळं झकास आहे.

होटगीरोड_१३
स्टार्टरच आहे वो. कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपले असणार. परत टक् झालं की स्टार्टरच्या बॉडीवर पान्ह्यानं हलकेच दोन टोले द्या आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा, चालू झाली तर कार्बनच. पण अख्खी मोटर बदलू नका, नुसते कार्बन पण बदलून मिळतात.

उन्हाळी_पाखरू
४३ डिग्रीत दुपारी आपण पण दोन-चारदा उठवल्याशिवाय स्टार्ट होत नाही, गाडीला कशाला बोल लावता राव.

लूमवाला_वायरमन
साडेसात हजार खिशातच ठेवा, आधी मोजा. यंत्रमागाच्या मोटरी दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली, ‘मोटर गेली’ म्हणून आमच्याकडे आलेल्या कितीतरी मोटरी चांगल्याच निघायच्या, वायरीत घोळ असायचा.

तुम्ही आवाज नीट लिहिलाय ते बरं केलं. टकटकटकटक असं भराभर वाजलं असतं तर बॅटरी उतरलीय नाहीतर तिचं टर्मिनल ढिलं आहे असं म्हटलं असतं. एकच जड टक् म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) ओढतोय पण मोटरला पुरता करंट मिळत नाही, किंवा मग मोटरच आतून अडलीय. आणि धक्क्यावर लगेच चालू होते म्हणजे पेट्रोल, पंप, स्पार्क, चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) सगळं ठीक आहे, तिकडे बघूच नका.

साधा मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. गाडी उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं पाहिजे. मग कुणाला तरी चावी मारायला लावून तेच परत बघा, चांगली बॅटरी सेल्फ मारताना १० च्या खाली जात नाही. आता खरी गंमत. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर दाबून धरा, चावी मारा. अर्धा व्होल्ट किंवा कमी यायला पाहिजे. तसंच प्लस खांब ते स्टार्टरचा जाड बोल्ट. हे सगळं टक् होत असतानाच मोजायचं, गाडी शहाण्यासारखी वागत असताना मोजून उपयोग नाही.

आणि एक सांगा, गेल्या वर्षभरात क्लचचं काम केलं होतं का?

अक्कलकोटरोड
माझी पण चालू होत नाही पण माझ्या गाडीचा सेल्फ मस्त फिरतो. सीएनजी किट आहे, पेट्रोलचा काटा कायम रिझर्व्हवर. त्यावर पण सांगा की.

लूमवाला_वायरमन
@अक्कलकोटरोड तुमचा आजार वेगळा. किटवाल्या बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात, मग गॅसवर जातात. पेट्रोलचा पंप टाकीत असतो, पेट्रोलमध्ये बुडलेला असला की गार राहतो, तुम्ही टाकी कोरडी ठेवली की तापून तापून मरतो. चावी ऑन करून मागच्या सीटपाशी कान द्या, दोन सेकंद बारीक गुंग असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. इथून पुढे पाव टाकी पेट्रोल ठेवत जा.

जुळे_सोलापूरकर
वायरमनसाहेब, मेव्हण्याला चावीवर बसवून दुपारी तीन वाजता मोजलं, टक् चालू असतानाच.
उभी असताना १२.६४
सेल्फ मारताना बॅटरीवर १२.१
प्लस ते स्टार्टर ०.२
मायनस ते इंजिन ७.८ !!!
शेवटचं चुकलं वाटून तीनदा घेतलं, पावणेआठच्या आसपासच येतंय. आणि हो, दिवाळीआधी क्लच प्लेट बदलली होती. तुम्हाला कसं कळलं??

लूमवाला_वायरमन
सापडलं. बारा व्होल्ट निघाले, त्यातले पावणेआठ परतीच्या वाटेवरच खाल्ले, मोटरला उरले चार. ती बिचारी काय फिरणार. बॅटरी फक्त १२.१ वर आली यातच उत्तर होतं, मोटर खरंच फिरायला लागली असती किंवा जाम झाली असती तर करंट जोरात ओढला जाऊन ती अजून खाली आली असती.

तुमच्या स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. जोडात ओहमचा विसावा भाग जरी अडथळा आला तरी शंभर अँपिअरला पाच व्होल्ट तिथंच जातात. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, आणि त्याची अर्थ (मायनसकडे परतीची वायर) बॉडीवर असते, त्याला या भानगडीचा पत्ताच नाही. म्हणून दिवे झकास आणि सगळे फसतात.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा त्याच्यावरची अर्थ वायर काढतात आणि परत बसवताना कुणी पुसत नाही. उद्या टक् झालं की जंप केबलचा काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि त्याचंच दुसरं टोक इंजिन उचलायच्या हुकाला लावा. मायनस ते इंजिन, प्लसला अजिबात हात लावू नका. चावी मारा.

कार्बोरेटरवाले_काका
आमच्या जुन्या गाडीची ही वायर तुटली होती तेव्हा सेल्फ मारला की अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापून धूर यायचा. करंट बापडा मिळेल त्या वाटेनं घरी जाणार. मेकॅनिकनं आधी केबल बदलली, आठ दिवसांत नवीन पण जळाली!

जुळे_सोलापूरकर
झालं!!! केबल लावली आणि पहिल्या चावीला चालू. काढली, टक्. लावली, चालू. मेव्हणा सहा वेळा करून बघत होता, पोरांना खेळणं मिळावं तसं.

मग आधी बॅटरीची मायनस काढली, नंतर प्लस, बॅटरी बाहेर, खालचा ट्रे १० नंबरच्या पान्ह्यानं खोलला. त्याच्या बरोबर खाली गिअरबॉक्सवर तो बोल्ट. हातानं फिरत होता हो! वायरच्या टोकाखाली तेल आणि मातीचा थर, शेंगाचटणीसारखा घट्ट बसलेला, आणि टोक एका बाजूनं काळंनिळं पडलेलं. पॉलिश पेपरनं दोन्हीकडचा धातू चमकेपर्यंत घासलं, आवळलं. आता मायनस ते इंजिन ०.१५ येतंय. खर्च, पॉलिश पेपर १५ रुपये. जुनी बॅटरी चांगली होती हे आता कळतंय, ती तर देऊन बसलो.

एकच शंका, तिथं ग्रीस लावू का? आणि आवळायच्या आधी लावायचं की नंतर?

लूमवाला_वायरमन
आवळून झाल्यावर वरून लावा, पाणी जाऊ नये म्हणून. जोडाच्या मधे नको, तिथं धातूला धातू लागला पाहिजे. आणि काळंनिळं पडलेलं ते टोक सवडीनं कापून नवीन दाबून घ्या. तोवर महिनाभरानं एकदा दुपारी गाडी तापलेली असताना तेच माप परत घ्या, अर्ध्याच्या वर गेलं तर इथंच लिहा.